एका घराला एक ईमेल

माझी पुण्याची नोकरी घालवली ती आमच्या अप्पाकाकांनी, दुसऱ्या कुणी नाही. घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी ते फोडणार, ही आमच्याकडची रीत. लांज्याहून रत्नागिरीला जाऊन सायबर कॅफेत मी ईमेल काढायला बसलो, तर हे शेजारी. "एका घराला पत्ता एकच असतो," म्हणाले आणि ईमेल स्वतःच्या नावाने काढायला लावला. पासवर्डही त्यांनीच टाइप केला, मला मान वळवायला सांगून. त्याच ईमेलवरून मी पुण्याच्या कंपनीत अर्ज केला.

मग रोज मागे लागायचो, "काका, पासवर्ड द्या. उत्तर आलं असेल."

"कोर्टाच्या तारखेला रत्नागिरीला जाईन तेव्हा बघतो. टपाल काय पळून जातंय?"

जमिनीच्या केसची तारीख लागली तेव्हा गेले. येताना छापून घेतलेला ईमेल आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कागद देवापुढे ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. "ये, नमस्कार कर. मुलाखतीला बोलावलंय तुला."

मी कागद उचलून वाचला. मुलाखत आदल्या आठवड्यातच होऊन गेली होती.

"काका, तारीख वाचलीत का?"

त्यांनी चष्मा लावून वाचली. "एवढं महत्त्वाचं होतं तर पोस्टाने पाठवायला काय झालं होतं त्यांना?" म्हणाले आणि पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

कंपनीत फोन केला, तर जागा भरली होती. त्या नोकरीच्या भरवशावर मी कॉलेज सोडून बसलो होतो. दोन्ही गेलं.