दोनशे चार उठाबशा

सासूबाई: तसेच उभे राहा. बसू नका. बसलात तर उठवायला या घरात कोणी नाही. लेक ड्यूटीवर आणि माझा पाय प्लास्टरमध्ये.

जावई: आई, दोनच मिनिटं टेकतो. मांड्या नुसत्या भरून आल्यात.

सासूबाई: मघाशी टेकलात तेव्हा टेबलाला धरून उठलात. टेबल सरकलं, माझी औषधं खाली. ती उचलायला वाकलात आणि तिथंच राहिलात. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली मी, जावईबापू. पाचवीतली पोरंसुद्धा पहिल्या दिवशी असली थेरं करत नाहीत.

जावई: काल जिमला गेलो होतो. पहिलाच दिवस.

सासूबाई: ते तुमच्या चालण्यावरून साऱ्या बिल्डिंगला कळलंय. बदक बरं चालतं. काय केलंत तिथं?

जावई: उठाबशा.

सासूबाई: किती?

जावई: दोनशे चार.

सासूबाई: दोनशे चार. ज्या माणसाला बुटाची नाडी बांधायला स्टूल लागतं, त्यानं पहिल्याच दिवशी दोनशे चार उठाबशा काढल्या. आणि वरच्या चार कोणासाठी? माझ्या नावानं?

जावई: आकडा तसा आला.

सासूबाई: दिवसभर खुर्चीत बसून घरांचे नकाशे काढायचे आणि एका संध्याकाळी पहिलवान व्हायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार. हातात काय आहे ते?

जावई: बाम. जरा जोरात रगडून घेतो, म्हणजे मोकळं होईल.

सासूबाई: ठेवा तो खाली. स्नायू आधीच आतून दुखावलाय, त्याला आणखी कुटून काय मिळणार? चपातीचं पीठ आहे का ते? बरं, लघवी कशी होतेय?

जावई: आई...

सासूबाई: लाजताय काय? काळ्या चहासारखी होत असेल तर इथं माझं तोंड बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. असल्या अतिशहाण्यांना होतं तसं.

जावई: नाही. नेहमीसारखीच आहे.

सासूबाई: चला, तेवढं तरी नेहमीसारखं. आता तो पाण्याचा तांब्या संपवा आणि दारापासून खिडकीपर्यंत चाला. हळू. पाय ओढू नका, टाच टेकवा. टाच कुठं असते माहीत आहे ना?

(जावई भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत जातो आणि तसाच परत येतो.)

जावई: पडून राहिलो तर लवकर बरं नाही का वाटणार?

सासूबाई: पडून राहिलात तर सकाळपर्यंत ओंडका व्हाल. झोपायचं ते रात्री. आठ तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. दिवसा थोडं थोडं चालायचं. कोमट पाण्यानं आंघोळ करा. आणि नीट जेवा, डाळ घ्या, अंडी घ्या. नुसता चहा ढोसून स्नायू भरून येत नाही.

जावई: परवापर्यंत उतरेल का पण?

सासूबाई: काल केलंत, आज दुखतंय, उद्या याहून दुखेल. परवा ओसरायला लागेल, सांगते तसं वागलात तर. परवा कुठला गड सर करायचाय तुम्हाला?

जावई: परवा तुमचं प्लास्टर काढायचंय.

सासूबाई: ते माझं मी बघेन. नाहीतरी मी जाणार नाही. लिफ्ट काही या जन्मात सुरू होत नाही.

जावई: तुमची खुर्ची जिन्यानं उतरवायला हमाल बोलवू म्हटलं, तर तुम्ही नाही म्हणालात. परक्या माणसांनी हात लावलेला चालणार नाही म्हणालात. चौघांच्या खांद्यावरून जायला अजून वेळ आहे म्हणालात.

सासूबाई: मग खोटं काय म्हणाले? आणि तुमच्या हाती दिलाच होता की जीव मागच्या वेळी, मला खुर्चीत बसवून वर आणलंत तेव्हा. लेक मागून खुर्ची धरून हूं की चूं करत नव्हती. आणि तुम्ही, तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून भिंतीला चिकटलात. पालीसारखे.

जावई: हो. तिथल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना तुम्ही म्हणालात, लेकीसाठी स्थळ बघायला गेलो आणि उशी पसंत करून आलो.

सासूबाई: ते ऐकलंत तुम्ही?

जावई: शेजारीच होतो, आई.

सासूबाई: पण तुम्ही तर हसलात.

जावई: दम लागला होता. दुसरं काही जमलं नाही.

सासूबाई: पाणी प्या. तळाशी ठेवू नका. आणि त्या दोनशे चारचं काय ते सांगा.

जावई: आपल्या जिन्याला अडुसष्ट पायऱ्या आहेत. खाली उतरायच्या अडुसष्ट, परत वर यायच्या अडुसष्ट.

सासूबाई: एकशे छत्तीस झाल्या.

जावई: अडुसष्ट जास्तीच्या काढल्या. मध्ये कुठं थांबायला लागू नये म्हणून.

सासूबाई: बैल आहात. महिनाभर ही बाई याच घरात पाय लांब करून बसलीय, तिला विचारता आलं नाही? रोज दहा-वीस काढून घेतल्या असत्या मी तुमच्याकडून.

जावई: तुम्ही हसला असतात.

सासूबाई: हसलेच असते. पोट धरून हसले असते. मग शिकवलं असतं. थांबलात का? चाला.

जावई: चालतोय.

सासूबाई: परवा सकाळी आधी माझ्यासमोर रिकामी खुर्ची उचलून दाखवायची. पाय थरथरले तर मी बसणार नाही, तारीख पुढं ढकलू. नाही थरथरले तर जाऊ. उतरताना दर मजल्यावर टेकवायची. वर येताना तिसऱ्या मजल्यावर तर नक्की.

जावई: तिसऱ्यावर नाही थांबणार मी, आई.

सासूबाई: थांबायचं. त्या बाई दारात आल्या तर मी सांगेन, मला दम लागलाय.