ह्यांचा पासवर्ड

हसू नका हं, पण रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी टेमघरच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून युनिक्स नावाची सिस्टीम टाकली. बाकी सगळं जमलं, पण पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर अक्षरच उमटेना. नवा कीबोर्ड आणला, तरी तेच. बिचारे हिरमुसून म्हणाले, "आपल्याला नाय जमणार हे."

मी मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "बाबा, तिथे पासवर्ड दिसतच नाही. मोठ्याने म्हणत एकेक अक्षर दाबा, म्हणजे चुकणार नाही."

हे मला म्हणाले, "तू जरा चहा टाक."

मी हलले नाही. मग मान खाली घालून म्हणाले, "एस, यू, एन, ए, एन, डी, ए."

सुनंदा, म्हणजे मीच! कॉम्प्युटर चालू झाला. लग्नापासून नुसतं 'अगं' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेही स्पेलिंगसकट.