फळ्यावरचे दोनशे

चौथी शिकलेल्या बाईचं कोण खरं मानते, तुम्हीच सांगा! लोहाऱ्याच्या कारखान्यात मी तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळत होती. ऑर्डर दोन मिलिहेन्री मापाच्या कॉइलीची, अन् आमचं मीटर दाखवे मायक्रोहेन्री. साहेबानं हिशोब करून फळ्यावर लिहिलं, 'दोनशे'.

मी म्हटलं, "साहेब, दोन हजार पायजे. एका मिलीत हजार मायक्रो असतेत."

"काहून वं, आता तू मले शिकवतं?"

बाकीच्या बाया फिदीफिदी हासल्या.

आठ दिवसांत सारा माल वापस आला. साहेब म्हणे, "मालक येऊन राह्यले, फळा पुस लवकर." म्या येडीनं माझ्याच पदरानं पुसला.

मालकानं विचारलं, "दोनशे कोणं सांगतले?"

साहेबानं माझ्याकडं बोट दाखवलं, अन् बाया खाली मान घालून तार गुंडाळत राह्यल्या. कामावरून काढल्याची नोटीस त्याच फळ्यावर लागली. चूक करणारीचं नाव: कौसल्याबाई. म्हणजे मीच, कौसल्या.