पान्याले बुजते

आमी मूळचे आंबागडाच्या पायथ्याचे जी, किल्ल्याच्या सावलीतले म्हनतेत लोक, पन कायची सावली, सावली जमीनवाल्याइले, आमाले ऊनच. बाप गावचा ढोरकी, साऱ्या गावाची ढोरं चारे. मी ढोराइतच वाढलो, म्हनून सातवी झाल्यावर ढोराइच्या दवाखान्यात लागलो, पट्टीबंधक म्हनून, म्हंजे डॉक्टरच्या हाताखाली पट्ट्या बांधाच्या, सुया द्याच्या. कागदावर पट्टीबंधक, पन जंगलाकडच्या गावाइत मलेच डॉक्टर म्हनत, काहून का खरा डॉक्टर होता थो डांबर सोडून कधी खाली उतरलाच नाई. तेचे बूट भरन ना चिखलानं! आजबी आठवलं का माया डोस्क्यात जाते.

तं मी सायकलवर फिरो. मांगं कॅरिअरले थर्मास बांधलेला, थर्मासात बरफ, बरफात बुळकांडीची लस. बुळकांडी म्हंजे ढोराइचा काळ जी, एका गोठ्यात शिरली का गाव साफ करे. आन थे लस मोठी नाजूक, बरफ हाय तोवर लस, बरफ गेला का नुसतं पानी, सुई देल्ली काय आन नाई देल्ली काय. बरफ भेटे तुमसरात, मी सकाळी निंगो, गाडीवाटेच्या चाकोऱ्याइतून, शेताच्या धुऱ्या-बांधावरून, नाला आला का सायकल खांद्यावर घेऊन पार. पोचेपर्यंत अर्धा बरफ गेलेला राहे. म्हनून फटफटी पाहिजे होती मले. मिरवाले नाई. तसं सांगो मी लोकाइले, मिरवाले नाई म्हनून.

आता घ्याची कोनती? काय सांगू तुमाले, ज्याले सायकल चालवता येत नोती थोबी अक्कल शिकवे. कोनी म्हने स्कूटर घे, नवी घे. नव्या स्कूटरले नंबर लावा लागे, नंबर येईपर्यंत मानूस म्हातारा होऊन जाये, आन तिचे चाकं एवढेसे, चाकोरीत पडली का पोटावर बसन. कोनी म्हने बुलेट घे, जंगलाची राणी हाय. अरे पन थे चिखलात पडली का उचलन कोन, तुया बाप? मले उंच चाकाची, हलकी, दोघाइनं उचलून धुऱ्यापल्याड ठेवता येईन अशी पाहिजे होती. म्हंजे राजदूत. नवी घ्याची ऐपत नोती. बायको म्हने, जुनी नोका घेऊ, दुसऱ्यानं कायले विकली असन? हाच सवाल कामाचा होता, आन तोच आमी कोनी आयकला नाई.

काहून का आमचे मामाजी मंधात आले. मामाजी म्हंजे माया सासरा. बैल पाहाव तं त्या बुढ्यानंच. शंकरपटात पळवाच्या शर्यतीच्या जोड्या तेच्या नजरेखालून गेल्याबिगर कोनी घेत नोतं. थो म्हने, जवाईबापू, बैल आन फटफटी एकच, दोनीइच्या अंगात वारा पाहिजे, मी येतो. आन मी भैताड, गेलो बुढ्याले घेऊन.

तुमसराकडं एका लाकडाच्या ठेकेदाराचा मुनशी होता, तेची गाडी. बुढ्यानं काय केलं मालूम हाय का? गाडीच्या चारीकडून फिरला, टाकीवर थाप मारली, चाकाइच्या खाचाइत बोट घालून पाह्यलं, म्हने दात चांगले हायेत. मुनशी हासे. मंग बुढ्यानं आमच्या बाजाराची रीत काढली. बैल विकताना पाठीवर हात ठेवून खोड सांगाव लागते आमच्यात, मारका हाय, बसते, जू टाकते, जे असन थे. पाठीवर हात ठेवून खोटं बोलत नाई कोनी. बुढ्यानं मुनशाचा हात धरून सीटवर ठेवला, म्हने, सांग खोड. मुनशाची हासी बंद झाली. थोबी ढोरवाल्याचाच पोरगा असन. म्हने, देखो बाबा, झूठ नाई बोलत, पान्याले बुजते थोडी.

पान्याले बुजते! आयकलं ना तुमी? चकचकीत सांगलं तेनं. आन आमी दोघं काय समजलो? बुजरा बैल! मामाजी मोठ्यानं हासले, म्हने, हात्तेच्या, एवढंच ना, अरे बुजरा बैल दोन-चार डाव नाल्यात घातला का निवळते. त्याच खोडीवर भाव पाडला, इसार देल्ला, आन मी कुकू लावून गाडी घरी आनली. मुनशाले काय शिव्या द्याव आता? मी पाह्यल्या देऊन, लागत नाई. खरं बोलनाऱ्याले शिवी लागत नाई जी, थे परत आपल्याच तोंडावर येते.

पंधराक दिवस डांबरावरच फिरलो. मंग कुवारात, म्हंजे अश्विनात, खबर आली का जंगलाकडच्या एका गावात बुळकांडी लागली. तेच्या बाजूची टोली, म्हंजे लहानशी वस्ती, नाल्यापल्याड होती, तठी ढोरं अजून चांगले होते. म्या निरोप धाडला, सकाळी ढोरं चाराले सोडू नोका, बांधून ठेवा, येतो. तुमसरावून थर्मास ठासून बरफ घेतला आन निंगालो. नाल्यात गुडघाभर पानी. घातली गाडी. मंधातच फट-फट केलं आन बंद. किक मार मार मारली, मुकाट. ओढत काढली काठावर, इंजनाचा पलग खोलला, धोतराच्या चिंधीनं पुसला, पुन्हा किक. कुवाराचं ऊन, दगड तापलेले, पाय सोलून निंगाला, मी गाडीले आईबहिनीवरून शिव्या देऊन राहिलो.

आता इथं थांबा. हे नीट लिहा. नाल्यापासून टोली घंटाभराची वाट होती. गाडी तठीच टाकून थर्मास खांद्याले लावून चाललो असतो तं बरफ राहून पोचलो असतो. इतके वर्स फटफटीबिगरच तं गेलो ना? पन नाई. आताच घेतलेली गाडी नाल्यात सोडून पट्टीबंधक पायी आला, हे लोकाइनं पाहाव? डॉक्टर फटफटीवर येते म्हनून निरोप्याजवळ मीच सांगून धाडलं होतं! थो मिरवाले नाई म्हननारा मीच! दोपार उतरेपर्यंत तिच्यासंग झोंबत राह्यलो जी मी.

शेवटी गाडी चालू झाली एकदाची. टोलीत पोचलो तं सारे ढोरं सकाळपासून बांधलेले, उपाशी, हंबरून राह्यले. बायाइनं पाय धुवाले पानी आनलं, पोट्टे गाडीले हात लावून पाहेत. म्या थर्मास खोलला. कोमट पानी. बोट घालून पाह्यलं, कोमट.

तेव्हा म्हनता आलं असतं, बाबाहो, लस मेली, उद्या येतो पायी. दोन शब्द. म्या सुईत भरली थे लस आन देत गेलो, एकेका ढोराले, साऱ्या टोलीले. सुकराम म्हनून एक होता, तेनं आपली जोडी सगळ्यात पयले आनली, बैलाइच्या कपाळावर हात फिरवे आन म्हने, होऊन गेलं राजाहो, आता भेव नाई. भेव नाई म्हने! आन मी आयकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तुमसरात मिस्त्रीले गाडी दाखवली. तेनं पलगाच्या वायरवर बोटाएवढं एक रबर चढवलं. एवढंसं रबर! म्हने, याच्याबिगर पानी उडलं का बंद पडनच, थोडं आधी आले असते तं. मंग आठ वर्स चालवली थे गाडी, कितीक नाले घातले, कधी बंद पडली नाई.

टोलीत पंधरा दिवसाइनं बुळकांडी शिरली. सुकरामची जोडी लागन झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या रोजी पडली. मी गेलो तं थो खड्डा खंदून राहिला होता. मले पाहून कुदळ ठेवली, हात जोडले, म्हने, साहेब, तुमी तं सुई देल्ली होती, आमचंच नशीब फुटकं, तुमी जिवाले लावून नोका घेऊ. मलेच समजावे जी थो! मी घरी येऊन मामाजीवर असा ओरडलो का बायको मंधात पडली. बुढा म्हने, खोड मुनशानं लपवली नोती जवाई, आपल्यालेच समजली नाई. बरोबर हाय. पन मायी खोड मी लपवली, थे तं बुढ्यालेबी मालूम नोती. बिन मालूम पडता मेला बिच्चारा.

आता मी पेन्शनवर हाव. सुकराम तुमसरच्या बाजारात भेटते अजून, हात जोडते, संगच्याइले सांगते, हे आमचे डॉक्टर, नाला चिरून आल्ते आमच्यासाठी. मले च्या पाजते. आन मी पेतो थो च्या. दहा वर्स झाले, एक डावबी मायं तोंड उघडलं नाई, असा हरामखोर मानूस हाव मी.

म्हनून तुमाले बलावलं. नाव बदलू नोका, मायंबी नाई आन तेचंबी नाई. सुकरामले वाचता येत नाई. पन तेची पोरगी औंदा मॅट्रिक झाली, देव तिले सुखी ठेवो, थे वाचून दाखवन तेले.