पाण्यात न ठेवलेली सुरी

आवाज वेगळा आला होता, ताई — तिथंच माझा हात थांबायला पाहिजे होता. सुरीला मूठ बसवली की आमच्यात ती दगडावर हळूच ठोकून बघतात. नीट चिकटली असली तर बसका आवाज येतो, आणि हिचा आला पोकळ, नखानं रिकामा डबा वाजवावा तसा. मी काय केलं? काही नाही. म्हटलं, ही लाकडाची थोडीच आहे, फायबरची आहे, हिचा आवाजच असा असंल — नका, नका, ती उचलू नका! ती त्याच चार फायबरवाल्या सुऱ्यांतली आहे. द्या इकडं. सॉरी हं, ओरडले. सकाळपासून कुणी नुसतं खाकरलं तरी दचकून राहिले मी.

एक मिनिट, परत लावते... रिंग जातेय. उचलत नाहीत. निलंग्याच्या गुरम्मामावशी — लग्नाच्या स्वयंपाकाला जातात, चारशे पानांचा भोपळा एकट्या चिरतात. आज तिथं लग्न आहे. काल दुपारी आल्या, दोन सुऱ्या घेतल्या, मला म्हणल्या, “अर्शी, तुझ्या अब्बाची बाभळीची मूठ तीन पावसाळ्यांत फुगली, आता तुझी कॉलेजवाली बघू किती टिकती.” हसल्या. मी पण हसले.

फायबर हा माझाच हट्ट. नांदेडला बीएस्सी केली ना — अब्बांनी चाळीस वर्षं कंधारात बाभळीच्या मुठी केल्या, आणि मी आले काचेच्या धाग्यांची, रेझिनमध्ये दाबलेली शीट घेऊन. पाणी पीत नाही, तडकत नाही, सडत नाही — हे खरंच आहे, शीट चांगलीच आहे. पण तिला दोन्ही अंगांनी चकाकी असते. आतली चकाकी पॉलिश पेपरनं खरवडली नाही तर गोंद धरतच नाही. वर पितळी खिळे मारायचे, ते मी मारले नाहीत. का? फोटोत खिळे दिसले की मूठ जुनाट वाटते म्हणून. आणि खरवडायचं का राहिलं? मावशींची बस होती ना — नाही, बसचं निमित्त. कंटाळा केला मी. बाहेरून मात्र अर्धा तास घासत बसले, दिसते ना ती बाजू.

आणि अब्बांनी विचारलं होतं, ताई. हळू बोलते, आत पडलेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आतूनच म्हणाले, “दिवसभर पाण्यात ठेवली का?” पाण्यात ठेवल्याशिवाय आमच्याकडून सुरी बाहेर जात नाही, आजोबांच्या काळापासून. मी म्हटलं, “हाव अब्बा, ठेवली.” ठेवली नव्हती. फायबर पाणी पीत नाही, मग कशाला? आणि अब्बा मावशींना म्हणाले, “पोरीनं पाण्यातून काढून दिलीय, बेफिकीर वापर.” माझ्या खोट्यावर त्यांनी आपली जबान दिली.

आज सकाळी उरलेल्या दोनातली एक बादलीत टाकली — उगंच, जिवाला बरं वाटावं म्हणून. तासाभरानं काढायला गेले तर मूठ माझ्या हातात आणि पातं बादलीत. आता तुम्हीच सांगा, ओला हात, वरून सगळा जोर, खाली कडक भोपळा — हात जाईल कुठं? पात्यावर. दुसरीकडं कुठं जाईल!

अकरा वेळा लावलाय फोन. काय? हाव, अब्बांकडं असंल लग्नघराचा नंबर. असंल काय, आहेच. तीनदा त्या दारापर्यंत जाऊन परत आले मी. तिकडं मावशींची बोटं, आणि इकडं मला माझं तोंड लपवायचं पडलंय — हे बोलले मी आत्ता? बोलले ना.

तुम्ही या आता, ताई. आज सुरी मिळायची न्हाई. जाते मी आत. अब्बा! अब्बा, काल मी तुम्हाला — थांबा, उचलला! हॅलो, मावशी? मावशी, ती सुरी खाली ठेवा. आधी खाली ठेवा, मग —