थंड इंजिनाचा आवाज

माननीय अध्यक्षा, म्हणजे आपल्या गॅरेजच्या मालकीणबाई, व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती मिस्त्री, शेजारी वहिनी, आणि समोरची कामगार मंडळी व गिऱ्हाइकं, सर्वांना माझा नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? नक्की? बरं.

मिस्त्री आज निवृत्त होतायत. त्यांना सर्वांत जास्त कोणी छळलं, अशी स्पर्धा लावली तर पहिला नंबर माझाच. मी सातवी नापास, पण हातात पडेल ते वाचतो. कुठेतरी वाचलं, की छोट्या गाडीच्या इंजिनातला रबरी टायमिंग बेल्ट तुटला की इंजिनाचा खेळ खलास. झालं! दर दोन महिन्यांनी मी गॅरेजात हजर.

"मिस्त्री, बेल्ट बदला."

"काका, तुमच्या गाडीत बेल्टच नाही. लोखंडी चेन आहे."

"मग चेन तुटली तर?"

"तुमच्याआधी नाही तुटायची!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर बेल्टची काळजी सुटून चेनची लागली.

गेल्या वर्षी माझी लेक चार महिन्यांच्या बाळाला घेऊन, त्याच गाडीने, घाटापलीकडे नव्या नोकरीवर निघाली होती. शनिवारी जायचं होतं. सोमवारी सकाळी मी किल्ली फिरवली, तर इंजिनातून खडखड. दोन-तीन सेकंद, मग गप्प. लेक म्हणाली, "बाबा, तुमचे कान वाजतायत." गाडी गॅरेजात नेली, आवाज नाही. मंगळवारी नेली, नाही. बुधवारी मिस्त्रींनी हात जोडले. "काका, गाडी ठणठणीत आहे. आता कानाच्या डॉक्टरकडे जा."

सांगा, मला झोप कशी लागावी? घाटात इंजिन बंद पडलं तर? मागून ट्रक आला तर?

गुरुवारी सकाळी दार वाजलं. दारात मिस्त्री! एका गालाला अजून साबण.

"काका, दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही घरून वीस मिनिटं गाडी चालवत येता. इंजिन तापलेलं असतं. मला थंड इंजिन ऐकू द्या."

त्यांनी बॉनेटला कान लावला. मी किल्ली फिरवली. खडखड!

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "चेन सैल झालीय. तिला ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. एखादा दात सरकली असती तर घाटातच इंजिन बसलं असतं." लेकीला म्हणाले, "ताई, बाबांचं बरोबर होतं. चूक माझी. मी त्यांना हसण्यावारी नेलं."

वहिनी, त्या दिवशी ते तसेच, साबणासकट कामाला गेले, त्यावरून तुम्ही घरी ऐकवलं असेलच! शुक्रवारी नवी चेन बसली. शनिवारी सकाळी ते पुन्हा आले. थंड इंजिन चालू केलं. आवाज नाही. मग स्वतःच्या हाताने बॅगा गाडीत ठेवल्या. दुपारी लेकीचा फोन आला, "पोचलो बाबा. बाळ घाटभर झोपलं होतं."

चाळीस वर्षं हात काळे केलेला कारागीर गिऱ्हाइकाच्या दारात येऊन 'चूक माझी' म्हणतो, असं किती जणांनी पाहिलंय? मी पाहिलंय.

लेक काल त्याच गाडीने घाट उतरून आलीय. ती पाहा, बाळामागे धावतेय.

मालकीणबाईंनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही वावगं बोललो असेन तर पोटात घाला. मिस्त्री, ते बाळ तुमच्याच खुर्चीकडे निघालंय. पायरी आहे तिथे. उचला त्याला आधी, मी बसतो.