अर्धेबुवा गाता गाता थांबले त्याविषयी

माझे नाव व घरचा पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. वय अठ्ठावन्न. शिक्षण पदवीपर्यंत. काम चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे. घरी पत्नी व एक मुलगी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आज आपणहून ठाण्यात आलो आणि समोर बसून सांगतो ते असे की,

माझा आवाज बारीक आहे. हवालदारांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितले. नंतर ते म्हणाले, "काका, आमच्या कोठडीतले लोक तुमच्यापेक्षा मोठ्यानं गप्प बसतात. हा घ्या कागद, तुम्हीच लिहा." म्हणून हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे. गायकाचा उल्लेख मयत असा करावा असे त्यांनी सांगितले आहे. तो इथे एकदा केला. पुढे अर्धेबुवा असे लिहिले आहे, कारण दुसऱ्या नावाने मी त्यांना कधी ओळखले नाही.

अर्धेबुवा लोकगीते गात. जुन्या बायकांकडून ऐकलेली, कपडे धुताना, दळताना, वाट पाहताना म्हणायची गाणी. तेलाच्या डब्याला दांडा ठोकून त्यावर दोन तारा ओढलेले एक वाद्य त्यांनी स्वतः केले होते. त्याला ते डबाच म्हणत. गाणे अर्ध्यात सोडून उठून जाण्याची त्यांना सवय होती, त्यावरून नाव पडले. आधी लोक चेष्टेने म्हणत. मग आम्ही तेच आदराने म्हणू लागलो. आम्ही म्हणजे साठ-सत्तर माणसे. आमचे मंडळ नाही, पावती-पुस्तक नाही. ते अमुक ठिकाणी गाणार आहेत असे कळले की एकमेकांना सांगायचे आणि जायचे, एवढेच.

माझी त्यांची ओळख दुकानात झाली. ते नंबर काढायला आले होते. अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला तर शेवटची ओळ त्यांनी चालीवर म्हटली. ती पूर्ण चुकीची होती, पण मालकांनी हातातले काम खाली ठेवले. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक चष्मा मी केला. त्यांना जाड नंबर होता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हात नीट दिसत नसे.

"माणूस गाताना थांबला आणि तुम्ही सगळे नुसते बघत बसलात, हे काय प्रकरण आहे?" असे ठाण्याच्या साहेबांनी विचारल्यावरून पुढील मजकूर लिहितो.

अर्धेबुवा गाण्यात मध्येच थांबत असत. सम गाठण्यासाठी नव्हे, श्वासासाठीही नव्हे. एखाद्या शब्दावर थांबत आणि बसून राहत. कधी उठून जात. एकदा समोर बसलेल्या एका मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती. ते ओट्यावरून उतरले, नाडी बांधली, परत जाऊन बसले आणि सोडलेला शब्द सोडलेल्या जागेवरून उचलला. एकदा ते बाहेर गेले ते डोके ओले करून आले. शेजारच्या पहारेकऱ्याच्या मोरीत त्यांनी आंघोळ केली होती. तो शब्द तसाच होता, जसा काही त्यांच्यामागे कोणी तो धरून ठेवला होता. ज्यांनी हे ऐकले आहे त्यांना मी काय सांगतो ते कळेल. ज्यांनी ऐकले नाही त्यांना आम्ही खुळे वाटू, आणि तसे म्हणायला माझी हरकत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात ते असेच थांबले असताना कोणीतरी विचारले, "बुवा, काय झालं?" त्यांनी डबा काखेत मारला आणि निघून गेले. त्यानंतर दोन वर्षे ते कुठेही गायले नाहीत. ती दोन वर्षे आम्ही, कोणी विचारले, यावर भांडण्यात घालवली. पुन्हा गायला लागले तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. ते थांबले की कोणी बोलायचे नाही, खोकायचे नाही, जागचे हलायचे नाही, असे ठरून गेले. नवीन माणूस आला की त्याला दारातच सांगत असू. या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता. असे श्रोते दुसऱ्या कोणत्या गायकाला नाहीत, असे मास्तर नेहमी म्हणत. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमच्यातले एक जण. अर्धेबुवांच्या थांबण्यावर ते तासभर बोलू शकत.

गेल्या रविवारचा कार्यक्रम खुर्चीवाल्यांच्या गोदामात होता. खुर्चीवाले हे खुर्च्या, सतरंज्या व भोंगे भाड्याने देतात. त्यांना सध्या चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवले आहे. त्यांनीच दार बंद केले व मदतीला उठलेल्या लोकांना बसवले, अशी अर्धेबुवांच्या धाकट्या भावाची तक्रार आहे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तसाच जबाब दिला आहे, असे मला समजले आहे. माझे म्हणणे त्याबाबत आहे.

खुर्चीवाले आमच्यातले नव्हते. त्यांना गाण्याची आवड नाही. ते कार्यक्रमभर मागे उभे राहून खुर्च्यांचे पाय बघत. मास्तर त्यांना म्हणत, "तुम्ही आपल्या खुर्च्या मोजा हो, सूर आम्ही मोजतो." त्यावर ते हसत. "मोजा, मोजा. पण जाताना सूर तरी घडी घालून ठेवत जा, खुर्च्या तर कोणी ठेवत नाही." गोदाम ते फुकट देत. का देतात असे मी कधी विचारले नाही.

गोदामाचे लोखंडी दार रस्त्याच्या आवाजामुळे खाली ओढले होते. ते मास्तरांनी ओढायला लावले. कुलूप नव्हते.

गाणे चार वाजता सुरू झाले. मी पहिल्या रांगेत, मास्तरांच्या उजव्या बाजूला होतो. अर्धेबुवा फळ्यांच्या ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा घामेजला होता. गोदामाला वर पत्रा आहे, घाम सगळ्यांनाच होता. दुसरे गाणे एका बाईचे होते, ती कपडे वाळत घालते आहे आणि घरात कोणी उरलेले नाही. त्यात ओळ आहे, "वाळत घातलं ऊन माझं, कोण घडी घालील." ती ओळ ते तीनदा गायले. चौथ्यांदा "कोण" या शब्दावर थांबले.

आम्ही नेहमीप्रमाणे गप्प बसलो.

त्यांची मान खाली होती. उजवा हात डब्यावर होता. तार थोडा वेळ वाजत राहिली. थोड्या वेळाने मागून खुर्चीवाले पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, पाणी तरी देऊ का त्यांना?" मास्तर म्हणाले, "बसा. मोडाल सगळं." खुर्चीवाले तिथेच उभे राहिले.

नंतर चष्मा नाकावरून घसरला आणि अर्धेबुवांच्या मांडीवर पडला. तो मी पाहिला. यापूर्वी ते थांबत तेव्हा चष्मा स्वतः काढून खिशात ठेवत, हे मला माहीत होते. त्या वेळी माझ्या मनात आले की काड्या सैल झाल्या आहेत, कार्यक्रम झाला की घट्ट करून देऊ. एवढेच आले. दुसरे काही आले नाही.

खुर्चीवाले पुन्हा निघाले. ते ओट्यापर्यंत पोहोचले असते. ते माझ्यासमोरून जात असताना मी त्यांची बाही धरली आणि "हळू, हळू" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माणूस त्यांचा नव्हता, गाणे त्यांचे नव्हते, आणि आम्ही इतके जण स्वस्थ बसलो होतो. ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. मी बाही बराच वेळ सोडली नाही.

त्यानंतर डबा मांडीवरून खाली पडला आणि ओट्यावर गडगडत गेला. डबा त्यांनी कधी पडू दिला नव्हता. तेव्हा सगळ्यांना कळले. एकजण ध्वनिमुद्रण करत होता. ते ठाण्यात जमा आहे. त्यात "कोण" पासून डबा पडेपर्यंत अकरा मिनिटे होतात, असे साहेबांनी मला सांगितले. मला ती तेवढी वाटली नव्हती.

सर्वात आधी खुर्चीवाले धावले. त्यांनी तीन खुर्च्या जोडून अर्धेबुवांना आडवे केले, दार वर ढकलले आणि स्वतःचा खुर्च्यांचा टेंपो आणला. टेंपोत आमच्यातले दोघे चढले. मी चढलो नाही. मी चष्मा शोधत होतो. तो ओट्याखाली सापडला. काड्या दाबून पाहिल्या. दोन्ही घट्ट होत्या. तो चष्मा मी आज हवालदारांच्या स्वाधीन केला आहे. तो माझ्याच हातचा आहे.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सर्व झाले होते. आधी आणले असते तर वाचले असते का, असे एकाने विचारले. डॉक्टर म्हणाले, "ते आता सांगता येत नाही." अर्धेबुवांचे धाकटे भाऊ लाकडाच्या वखारीतून तसेच आले होते, अंगावर भुसा होता. त्यांनी आम्हाला विचारले, "किती जण होता तुम्ही?" मग ते म्हणाले, "दादा घरी जेवताना घासभर गप्प बसला ना, तरी आई विचारायची, काय रे, बरं नाही का? आई काय गाण्यातली होती?" तेव्हा आमच्यातल्या कोणीतरी त्यांना सांगितले की आम्ही उठत होतो, खुर्चीवाल्यांनी उठू दिले नाही. कोणी सांगितले ते मला दिसले नाही. मी ऐकले आणि गप्प राहिलो.

सोमवारी अंत्यविधी झाला. त्या दिवशी मास्तरांनी ते ध्वनिमुद्रण मला फोनवर पाठवले होते. खाली लिहिले होते, "शेवटची शांतता ऐका. किती भरलेली आहे." मंगळवारी तक्रार झाल्यावर त्यांनी ते काढून टाकले.

काल मास्तर दुकानात आले. ते म्हणाले, "तुम्हालाही बोलावतील. सगळ्यांचं एकच असू द्या. खुर्चीवाले धंद्यातले आहेत, त्यांना अशा भानगडींची सवय असते, सुटतील. आपण गाण्याची माणसं, आपल्याला झेपणार नाही." त्यांच्या चष्म्याची काच धुरकट होती, ती मी पुसून दिली. ते म्हणाले, "तुम्ही समजदार आहात." बरीच वर्षे ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत आले आहेत. माझ्या मुलीला त्यांनी शिकवले आहे.

आज साहेबांनी मला ध्वनिमुद्रण ऐकवले व आवाज ओळखायला सांगितले. "पाणी तरी देऊ का" हा आवाज खुर्चीवाल्यांचा आहे. "बसा. मोडाल सगळं" हा मास्तरांचा आहे. त्यानंतरचा "हळू, हळू" हा आवाज कोणाचा ते आधीच्या कोणत्याही साक्षीदाराला ओळखता आलेले नाही, असे साहेब म्हणाले. तो माझा आहे. बारीक आहे म्हणून ओळखला गेला नसावा.

तरी माझे सांगणे असे की, खुर्चीवाल्यांनी कोणालाही अडवले नाही. त्या गोदामात मदतीला पुढे गेलेला माणूस एकच होता आणि तो तेच होते. दोनदा गेले. दुसरे कोणी उठले नाही, उठायचे कोणाच्या मनातही नव्हते. आम्ही अर्धेबुवांचे चाहते होतो आणि ते परत गाऊ लागण्याची वाट पाहत होतो. मास्तरांच्याही मनात वाईट काही नव्हते, हे मी लिहून ठेवतो. अर्धेबुवांच्या भावांना यातले जेवढे सांगायचे तेवढे साहेबांनी सांगावे. मला सांगायला लावले तर मी जाईन.

अर्धेबुवा आजारी होते का, औषध घेत होते का, असे विचारले. माहीत नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर मला पाठ आहेत. बाकी काही मी कधी विचारले नाही.

माझे कोणाशी वैर नाही. मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. हवालदारांनी वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी लिहिला तसाच तो आहे, त्यात बदल करायचा नाही.

सही.

सहीनंतर एक गोष्ट जोडतो. वाचताना, चष्मा सापडला तिथपर्यंत आल्यावर हवालदार मध्येच थांबले. मी खुर्चीवरून उठलो व त्यांच्या खांद्याला हात लावून विचारले, "साहेब, बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "अहो काका, पान उलटतोय." मग त्यांनी पुढे वाचले. ते संपेपर्यंत मी उभाच होतो. हेही बरोबर आहे.